टोपलीवाल्याची चाल

ज्याला सगळे पेन्सिल म्हणतात, त्याचे वय आज एकेचाळीस. हे नाव थोरल्या बहिणीने त्याच्या काटकुळ्या अंगकाठीवरून लहानपणीच ठेवले. पुढे कचेरीतही तेच रूढ झाले, आणि चित्रकाराला ते इतके शोभले की त्यामागे बहिणीची थट्टा आहे हे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. आईवडील अकाली गेल्यावर या बहिणीनेच त्याला वाढवले. ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. बालपणीच्या आजारात तिचा डावा पाय आखूड राहिला. ती एका रुग्णालयाच्या औषधांच्या खिडकीवर काम करते. दोघांनीही लग्न केले नाही. दोन खोल्यांच्या घरात ती भावंडे एकमेकांना धरून, आणि एकमेकांना टोमणे मारीत, राहतात.

पेन्सिलची नोकरी घरपोच भाजी देणाऱ्या एका कंपनीत. ग्राहकाने ॲपवर मागणी नोंदवली की भाजी येईपर्यंत पडद्यावर एक चक्र गरगरत राही, आणि ते पाहून माणसे वैतागत. व्यवस्थापकांनी ठरवले की चक्राच्या जागी एक जिवंत आकृती हवी: डोक्यावर टोपली घेतलेला माणूस, जो चालत राहील आणि बोट लावले की काही तरी करील. असे चित्र ठिपक्यांचे नसते, रेषांचे असते. त्यामुळे ते लहान पडद्यावर आणि मोठ्या पडद्यावर सारखेच रेखीव दिसते, फाइल हलकी राहते आणि बाजारातल्या दोन्ही प्रकारच्या फोनवर तीच चालते. आकृतीच्या आत सांगाड्यासारखी हाडे बसवायची आणि कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जायचे याचा नकाशा आखायचा, हे काम पेन्सिलचे. ती फाइल ॲपमध्ये बसवून बोटाचा स्पर्श आकृतीपर्यंत पोहोचवायचा, हे काम प्रोग्रामर बाईंचे. बाई कामाला चोख आणि जिभेला तिखट.

अडचण आली ती चालण्यात. पेन्सिलने पावले अचूक मोजली, गुडघे नेमके वाकवले, तरी टोपलीवाला निर्जीवच. व्यवस्थापक म्हणाले, हा चालत नाही, याला मागून कोणी तरी ढकलतंय. प्रोग्रामर बाईंनी पुस्ती जोडली की ढकलणाराही कंटाळलेला दिसतो.

एका दुपारी पेन्सिलने डाव्या पायाचे हाड किंचित आखूड केले. त्याबरोबर खांदा कलला, टोपली झुकली, कंबरेला हेलकावा आला आणि प्रत्येक दुसऱ्या पावलाला एक बारीकशी उसळी आली, जणू जमीन अपेक्षेपेक्षा जरा वर लागत होती. टोपलीवाल्यात प्राण आला. आजूबाजूची माणसे खुर्च्या सरकवून जमली. कसं जमवलंस, असे कोणी विचारले तेव्हा तो "सहज" म्हणाला. वास्तविक ती चाल कोणाची, हे त्याने माउसवरचा हात उचलण्याआधीच ओळखले होते. एक कळ दाबली असती तर पाय पूर्ववत झाला असता. पण कौतुक गोड लागत होते, आणि ती कळ त्याने दाबली नाही.

पुढचे तर त्याने जाणूनबुजून केले. बोट लावताच टोपलीवाला अडखळावा, पडावा आणि टोमॅटो चौफेर उधळावेत, असे ठरले. पडल्यावर लगेच उठवू का, असे बाईंनी विचारले.

"थांबव जरा," पेन्सिल म्हणाला. "हशा तिथेच आहे."

हशा खरोखरच तिथे होता. लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सारे त्या बिचाऱ्याला टोचू लागले. भाजी दारात आली तरी टोचणे थांबेना, असे भाजी पोहोचवणारे सांगत. ताईने खिडकीवरच्या प्रत्येकाला अभिमानाने सांगितले की हे माझ्या भावाचे काम. घरी मात्र त्या आकृतीबद्दल ती चकार शब्द काढीत नसे. चोराच्या मनात चांदणे. ती बोलत नाही म्हणजे तिला कळले नाही, अशी पेन्सिलने स्वतःची समजूत घातली.

एके दिवशी ताई चष्मा घरी विसरली, म्हणून तो खिडकीवर द्यायला गेला. तिथला कंपाउंडर मोठा बोलघेवडा.

"या, या, टोपलीवाल्याचे जन्मदाते!" म्हणत त्याने फोन काढला आणि आकृतीला टोचले. टोपलीवाला पडला. "आता बघा, उठताना आधी हात गुडघ्यावर ठेवतो. हुबेहूब आमच्या ताई."

त्याच्या मनात काही नव्हते. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण खिडकीआडची माणसे कशीबशी हसली. एक मुलगी उगीचच खोकी शोधू लागली. सर्वांत शेवटी आणि सर्वांत मोठ्याने ताईच हसली.

"मग? नमुना घरातच फुकट मिळाला त्याला."

पेन्सिलला थोबाडीत मारल्यासारखे झाले. चष्मा खिडकीत ठेवून तो बाहेर आला आणि तिची कामाची पाळी संपेपर्यंत फाटकापाशी उभा राहिला. दोघे घराकडे निघाली. "मुद्दाम नाही केलं," अशी त्याने सुरुवात केली, तर तिने ते वाक्य पुरे होऊ दिले नाही.

"मुद्दाम नाही म्हणू नकोस. गुडघ्यावरचा हात चुकून रेखाटला जात नाही." थोडे चालून ती म्हणाली, "चालीचं मला काही वाटत नाही रे. आहे तशी आहे, जन्मभर लोक बघतायत. पण तो पडतो आणि सगळा रस्ता रिकामा. शाळेत जाताना मी पडले की तू मागे वळून बघायचास. पुढे असायचास, पण बघायचास. त्याला तू तेवढंही कोणी दिलं नाहीस."

पेन्सिलची मान खाली गेली ती वर होईना. कारण तो कधीच वळला नव्हता. ही लंगडी आपली बहीण आहे हे वर्गातल्या मुलांना कळू नये म्हणून तो पुढे चाले, आणि मागे धपकन आवाज आला की पावले आणखी झपाझप टाकी. गुडघ्यावरचा हात त्याने पाहिला होता तो घरच्या जिन्यात, जिथे बघणारे दुसरे कोणी नसे. ताईला खरोखर तसे आठवत होते, की ती त्याला पांघरूण घालीत होती, हे त्याला उमगेना. विचारण्याचे धैर्य नव्हते.

"उद्या बदलतो," एवढेच तो म्हणाला.

"बदल. पण पाय सरळ करू नकोस त्याचा. छान चालतो."

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी साफ नकार दिला. लोकांना जे आवडते ते काढून कोण टाकतो, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा ही चाल कोणाची, हे पेन्सिलने सर्वांसमक्ष सांगितले. प्रोग्रामर बाईंची बोटे कीबोर्डवर थबकली.

"आधी सांगायचं होतंस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ते थांबणं माझ्या हातानं घातलंय मी."

व्यवस्थापकांनी खिडकीबाहेर पाहत होकार दिला. नव्या आवृत्तीत टोपलीवाला पडत नाही. बोट लावले की तो थांबतो, टोपली सावरतो, बोट लावणाऱ्याकडे एकवार बघतो आणि आपल्याच चालीने पुढे जातो. मजा गेली, अशी तक्रार काही ग्राहकांनी लिहून कळवली; ती तशीच राहिली. ज्यांनी ॲप नवे करून घेतले नाही त्यांच्या फोनवर तो आजही रिकाम्या रस्त्यात पडतो. तिथवर कचेरीचा हात पोहोचत नाही.

राहिले ते ताईला खरे सांगणे. पेन्सिलने दोनदा धीर केला. पहिल्यांदा, तो बोलू लागताच तिने उतू जाणाऱ्या दुधाकडे बोट दाखवले. दुसऱ्यांदा नवी आकृती पाहताना विषय तिनेच काढला.

"असाच वळून बघायचास तू," ती म्हणाली. "आठवतं ना?"

पेन्सिल "हो" म्हणाला.