नामदेवभाऊंची बाहेरची लाइन

आमच्या घरी चूल होती, आणि चुलीत पऱ्हाटी. कपाशीचं बोंड वेचून झालं की झाडं उपटायची, भारे बांधायचे आणि वर्षभर तेच जाळायचं. पावसाळ्यात ती पऱ्हाटी नुसती धुमसायची. माय डोळे पुसत भाकरी थापायची. मी दहावी त्याच धुरात केली. मायचे डोळे तपासून यवतमाळच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, धूर बंद करा, नाही तर बाईंची नजर जाईल.

सरकारी योजनेतून गोबरगॅसची टाकी मंजूर झाली आणि नेरहून नामदेवभाऊ फिटर आले. आले ते उंबऱ्यातच थांबले, डोळे मिटून त्यांनी लांब श्वास घेतला.

"चहा मांगून. पह्यले घराचा वास घेऊ द्या."

त्यांच्या उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत आवळलेली, चकचकीत होती.

टाकी मागच्या वाड्यात, गोठ्याजवळ, स्वयंपाकघर पुढे. मधल्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत रचलेला, कारण त्या वर्षी भावच नव्हता. बाबा म्हणाले, "भाऊ, मधल्या खोलीतून काढा ना. सरळ जाते. बाहेरून कायले फेरा?"

"कापूस अन् गॅस एका खोलीत राहात नाही."

"भाव आला का कापूस जाईन."

"भाव येवो का न येवो, लाइन बाहेरूनच जाईन. नसंन पटत त मी चाललो."

बाबांनी मान डोलावली. पाइप भिंतीच्या बाहेरून, छातीच्या उंचीवर, क्लॅम्प ठोकत गेला. प्रत्येक जोडाला सुतळी, सफेद्याचा लेप, मग गळती बघायला साबणाचा फेस. फेसाकडे भाऊ असे बघायचे, जसा कोणी आजारी माणसाचा श्वास बघतो. "पाइप डोयापुढं पाह्यजे," ते म्हणायचे. "झाकला का घात."

शेगडी पेटली. मायनं त्या दिवशी उगीचच तीनदा चहा केला.

फाल्गुनात पऱ्हाटी निघाली. गॅस आला तरी आंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवरच तापायचं, आणि भारे आम्ही दरवर्षीच्या जागी रचले. त्याच भिंतीला. पाइप पार दिसेनासा झाला. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एका सकाळी भाऊ न बोलावता आले. भिंत बघितली आणि उभेच राहिले. मग चुलीवरचं अर्धं तापलेलं पाणी उचलून त्यांनी जाळावर ओतलं.

माय हसली. "काहो भाऊ, आमच्या आंघोयीवर काहून राग?"

ते हसले नाहीत. एकटेच भारे ओढू लागले. ओझ्यानं एक क्लॅम्प निसटला होता, पाइप वाकला होता. त्यांनी जोडावर फेस लावला. बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. चूल तिथून चार पावलांवर होती. मायचं हसू गेलं.

जोड पक्का करून झाल्यावर भाऊ ओट्यावर बसले. भाजलेला हात त्यांनी मांडीवर ठेवला, एखादी दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

"मारेगावकडं एका घरी मालक असाच म्हणे, मधातून काढ. खोलीत कापूस. मी 'हो' म्हटलं. चार महिन्यानं जोड ढिला झाला म्हणून पाह्यले गेलतो. मी दारात, वास ओळखाच्या आधीच त्या घरच्या सुनबाईनं आत काडी ओढली." त्यांनी तो हात पालथा केला. "तिले बाहेर काढता नाही आलं मले. तवापासून कोणाले 'हो' म्हणत नाही."

बाबांनी त्याच दिवशी पऱ्हाटी शेताच्या धुऱ्यावर, बांधाला नेऊन रचली.

मी यवतमाळला कॉलेजात असताना भाऊ वारले. छातीचा त्रास होता. शेवटच्या भेटीत त्यांनी निकाल विचारला नव्हता, विचारलं होतं, "भिंत मोकळी हाय ना?"

भिंत आजही मोकळी आहे. आमच्या घराण्यातली पहिली पदवी मी घेतली, आणि ते प्रमाणपत्र मायनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.