शॉवरआधीचं चेकिंग

संधिवाताने आईची बोटं धरली, तेव्हा आधी तिच्या हातून भाकरी गेली. त्याचं तिने फारसं मनावर घेतलं नाही. मग अंघोळीचा तांब्या गेला आणि तिथे मात्र ती खचली. बोटं आत वळलेली, मनगटं ताठ. भरलेला तांब्या खांद्याच्या वर जाईना. माझी बायको तिला अंघोळ घालू लागली. बायकोचा हात हलका, बोलणं मऊ, तक्रारीला जागाच नव्हती. पण आई भिंतीकडे तोंड करून बसायची आणि अंग पुसून होईपर्यंत एक शब्द बोलायची नाही. पुढे ती अंघोळच टाळू लागली. आज अंग कसकसतंय, आज डोकं जड हाय. जिने जन्मभर पारोशाने चुलीला हात लावला नाही, ती दोन-दोन दिवस तशीच खाटेवर बसून राहायची. मला ते बघवत नव्हतं.

शॉवरची कल्पना माझी. साल दोन हजारच्या आगेमागेचं. आमचं गाव यवतच्या पुढे, दौंडच्या अंगाला. गल्लीत शॉवर कुणाकडेच नव्हता. मला वाटलं, कोपराने ढकलता येईल असा लांब दांड्याचा कॉक बसवला, खाली स्टूल ठेवलं, की आई दार लोटून आपली आपण अंघोळ करेल. तिला विचारलं तर आधी नकोच म्हणाली. मग जरा वेळाने स्वतःहून म्हणाली, "एकटीला जमंल व्हय रे मला?" तिचा आवाज इतका आशेचा होता की मी दुसऱ्याच दिवशी दौंडला जाऊन शॉवर घेऊन आलो.

नळाची कामं आमच्याकडे एक चाचा करायचे. वडिलांच्या वेळेपासून घरी येणंजाणं. मी मोठ्या हौसेने खोकं पुढे केलं, तर त्यांनी ते उघडलंही नाही. "आधी पाणी बघू. ह्ये मागनं."

गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी त्यांनी न्हाणीघरातल्या नळाला बांधली आणि दुसरं टोक भिंतीला धरून वर वर नेलं. नळीतलं पाणी शॉवरच्या जागेच्या जेमतेम वीतभर वर जाऊन थांबलं.

"बघा. टाकी न्हाणीच्याच स्लॅबवर ठिवलीया तुम्ही. एवढ्या जोरावर शॉवर नुसता गळंल, पडायचा न्हाई."

टाकी उंच न्यावी तर बाकीच्या घरावर पत्रे. मोटार जोडावी तर ओल्या न्हाणीत करंट उतरायची भीती. चाचांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मग डायरेक गावच्या लायनीवर टाकू. सकाळी नळ येतो तवाच आंघुळ उरकायची. उद्या नळाच्या टायमाला चेक करतो."

दुसऱ्या दिवशी सात वाजता नळ आला. चाचांनी बादली लावली, मी मनगटावरचं घड्याळ बघत उभा राहिलो. मिनिट व्हायच्या आत बादली भरून वाहायला लागली. त्यांनी नळाच्या तोंडावर अंगठा दाबला, तर पाण्याने अंगठा ढकलून दिला आणि समोरची भिंत भिजली. खात्री म्हणून त्यांनी पुन्हा दोनदा बादली भरली. तिन्ही वेळा तेच. "लई फोर्स हाय," ते म्हणाले, आणि दारात उभी असलेली आई हसली. वर्षभरात मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं.

पाइप टाकून, प्लास्टर वाळून, चार दिवसांनी पहिली अंघोळ झाली. म्हणजे सुरू झाली. आईने दार लोटलं, कॉक उघडल्याचा आवाज आला, पाणी पडू लागलं. मी आणि बायको अंगणात उगाच काम असल्यासारखे उभे. अंगाला साबण लावायला तिला बराच वेळ लागत असणार. आणि मग पाण्याचा आवाज बारीक झाला, थेंबांवर आला आणि थांबला.

आतून आईची हाक आली नाही. हाक मारली असती तर बरं झालं असतं.

मी गल्लीत धावलो. घराघरातून नळाचं पाणी खेचणाऱ्या मोटारींची घरघर ऐकू येत होती. नळाला मोटार लावायची नाही असा गावाचा नियम होता आणि ती नाही असं एकही घर नव्हतं. शेजारच्या काकूंना मी म्हणालो, "काकू, जरा मोटार बंद करा. त्या दिवशी तर पाणी केवढं जोरात होतं!"

"आसंल की," काकू म्हणाल्या. "त्या दिशी तुमचं चेकिंग हुतं ना? चाचा बोलले हुते आदल्या दिशी. समद्यांनी मोटारी बंद ठिवल्या. तुमच्या कामात आडकाठी कशाला?"

गल्लीत कुणाकडे लग्न-बारसं असलं की बाकीची घरं मोटारी बंद ठेवायची, त्या घरची पिंपं आधी भरू द्यायची. ही रीत मी लहानपणापासून बघत आलो होतो. तरी घड्याळ बघत मी गल्लीचा चांगुलपणा मोजला आणि त्याला पाण्याचा जोर समजलो. रागावणार कुणावर? माझ्याशी वाईट कुणीच वागलं नव्हतं.

"पर मोटार बंद कशाला करायला सांगताय आत्ता?" काकूंनी विचारलं. मला सांगावं लागलं. आई आत साबण लावून बसली आहे, हे मी भर गल्लीत सांगितलं. तोवर बायको पिंपातलं पाणी घेऊन आत गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी आईला कसंबसं तयार केलं. काकूंनी शब्द दिला होता, रोज अर्धा तास गल्ली मोटारी बंद ठेवेल. आई टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीत गेली, दार लोटलं. आणि बाहेर काकूंचा खणखणीत आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, "मोटारी बंद करा गं! आक्का आंघुळीला बसल्या!"

एकेक मोटार बंद होत गेली. "बसल्या का?" "झाली का सुरुवात?" असं दारादारातून विचारणं सुरू झालं. सगळ्यांचा आवाज मायेचाच होता. आत शॉवरमधून पाणी धो धो पडत होतं, अगदी चेकिंगच्या दिवसासारखं.

आई कोरडीच बाहेर आली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. बायकोपुढे टॉवेल धरला आणि म्हणाली, "चल, तूच घाल. तू निदान एकटीच तर हायेस."