गिरजाची कापसाची खोली

गिरजा गेली त्या दिवशी मी आदिलाबादजवळच्या जैनथला होतो. ज्वारी दळून आणायची होती आणि तिच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या. परतलो तर ऑटो थांबतो तिथे शेजारचा किसन उभा. त्याने माझ्या हातातली पिठाची थैली घेतली आणि एवढंच म्हणाला, "काका, लवकर चाला." मी समजलो. दुपारी कापसाच्या खोलीत जाऊन बसली होती, तिथेच गेली. किसनची बायको चहाला बोलवायला आली तेव्हा ढिगाला टेकून बसलेली, डोळे मिटलेले. मी पोचलो तोवर बाया जमल्या होत्या, रडणं सुरू होतं. मी दारातूनच म्हणालो, रडायचं असेल तर अंगणाच्या पलीकडे जाऊन रडा, तिला आवाज सोसत नाही. मग तिला न्हाऊ घातलं, नेसवायला हिरवं लुगडं काढलं, तेव्हा मी पुन्हा आत गेलो. माझ्या मोठ्या भावाची बायको, आमची वहिनी, तिला पोलकं घालत होती. मी म्हटलं, उलटं घाला, शिवण बाहेरून पाहिजे.

"भाऊजी, सवाशीण बाई हाये. तिले उलट्या पोलक्यानं धाडता का? लोक काय म्हनतीन?"

"लोकाईले टोचत नाई, वहिनी. तिले टोचते."

घातलं मग उलटं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं गावात अजून बोलतात. बोलू द्या. जिवंत असताना चाळीस वर्षं मी तिचं एवढंसुद्धा ऐकलं नव्हतं, ते मात्र कोणी बोलत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. आमची लेक शोभा हैद्राबादेत असते, ती म्हणाली, बाबा, आईबद्दल लिहून काढा, नाहीतर तुमच्यासोबत जाईल. म्हणून लिहितो आहे. चुका तिने दुरुस्त केल्या, बाकी सगळं माझं.

गिरजाचं माहेर पैनगंगेच्या त्या बाजूचं. लग्न होऊन आली त्याच दिवशी बायांनी उंबऱ्यात अडवली आणि नाव घ्यायला लावलं. ती म्हणाली, "गणपत." बाया पुढच्या ओळीची वाट पाहत उभ्या. पुढची ओळ काही येईना. कोणीतरी म्हणालं, अगं, नीट घे की. तर म्हणते, "नाव इचारलं, नाव सांगतलं." त्या दिवसापासून ती मला चारचौघांत नावानेच हाक मारायची. आमच्याकडे नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाहीत. पानठेल्यावरचे दोस्त तिच्या आवाजाची नक्कल करायचे, "गणपत, घरी चाल." मी हसायचो, आणि घरी येऊन तिच्यावर ओरडायचो.

बाकी गोष्टी तर फार होत्या. बोलताना तोंडाकडे पाहायची नाही. लग्नात बॅन्ड वाजला की गायब. हळदीकुंकवाला बोलावणं आलं की सकाळपासून पोटात दुखायचं. भाकर रोज त्याच ताटलीत, ताटली बदलली तर उपाशी. आणि घरात पोलकं उलटं. माझी माय शिकलेली नव्हती, मीही फारसा नव्हतो. माय म्हणाली, हिच्या अंगात बाहेरचं आहे. मग एका भगताकडे नेली. पाच अमावास्या. सगळीकडून ढोल, ऊदाचा धूर, शंभर माणसं, आणि मधात गिरजा, दोन्ही हात कानांवर. भगत म्हणाला, कान झाकू देऊ नका, आत जे आहे त्याला ऐकू गेलं पाहिजे... तिचे हात मी धरले. दुसऱ्या कोणी नाही, मी. ती ओरडत होती, आणि सगळे म्हणत होते, बघा, ते ओरडून राहिलं. पाचव्या अमावास्येला ओरडली नाही. गेलं म्हणाले, नारळ फोडला. कुठे काय गेलं होतं... ती फक्त गप्प राहायला शिकली होती.

मग ती सगळंच शिकली. बायांत बसायला शिकली. त्या हसल्या की क्षणभर थांबून हसायची. बाहेर जाताना पोलकं सुलटं. मला 'अहो' म्हणायचंही शिकली, पण ते फक्त पाहुण्यांपुढे. मी समजलो, बाई सुधारली. कार्यक्रमाहून घरी आली की सरळ कापसाच्या खोलीत जायची आणि संध्याकाळपर्यंत बाहेर यायची नाही. याचा अर्थ काय, हे मी विचारलं नाही. काऊन विचारणार? काम तर होत होतं.

ती खोली ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. आमच्या भागात वेचलेला कापूस घरातच एका खोलीत भरतात, आदिलाबादच्या बाजारात नेईपर्यंत. थेट आढ्याला लागतो. आत गेलं आणि दार लोटलं की जगाचा आवाज बंद. आपण बोललो तरी आपलाच आवाज कापसात बुडतो. तिला गावात तेवढी एक जागा होती. होळीपर्यंत कापूस जायचा, खोली रिकामी व्हायची, बोललं की आवाज भिंतींवरून परत यायचा. आमची सगळ्यात जास्त भांडणं उन्हाळ्यात व्हायची. ताटल्या फुटायच्या, ती भिंतीवर डोकं घासायची, मी हात उगारायचो. इतक्या वर्षांत मला या दोन गोष्टी जोडता आल्या नाहीत.

शोभाला मुलगी झाली. नाव दुसरं आहे, पण तिथल्या तेलुगू शेजारणी चिन्नी म्हणतात, म्हणजे लहानगी, तेच पडलं. चार वर्षांची झाली तरी बोलेना, कपडे फाडून टाकायची. दिवाळीला गावी आली. नवा फ्रॉक घातला आणि पोर जमिनीवर लोळायला लागली. शोभा रडकुंडीला, जावई तोंड लपवून बसलेला, वहिनी म्हणते दृष्ट काढा. गिरजा चुलीपाशी होती. पिठाच्या हातांनी आली, फ्रॉक काढला, उलटा केला, परत घातला. पोर गप्प. गिरजा पुन्हा भाकरीला जाऊन बसली.

शोभा तिच्यामागे गेली. "आई, तुले कसं समजलं?"

"शिवण टोचते. मले टोचते."

पुढे हैद्राबादच्या डॉक्टरने चिन्नीच्या वागण्याला नाव दिलं, ऑटिझम. मग विचारलं, घरात आणखी कोणी असं आहे का. शोभाने आईचं सांगितलं. त्यांनी गिरजाला बोलावून घेतलं. दोन दिवस विचारत होते, शोभा मराठीत सांगायची आणि गिरजा सरळ उत्तरं द्यायची, तशी मला कधी देता आली नसती. शेवटी डॉक्टर म्हणाले, हे जन्मापासूनचं आहे. हट्ट नाही, बाहेरचं नाही, कोणाची चूक नाही. परतताना ती बसमध्ये आदिलाबादपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. मला वाटलं, चला, बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

उतरलं नव्हतं. जेवण कमी झालं. एके दिवशी तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली, "गणपत, माहं आयुष्य वाया गेलं का?" मी म्हटलं, असं बोलू नये. मग तिने फोनवर शोभाला विचारलं. शोभा म्हणाली, आई, तू मला वाढवलं, ते काय वाया आहे का. वहिनीला विचारलं. वहिनी म्हणाली, नवरा हाये, घर हाये, नातीचं तोंड पाहिलं, आणखी काय पाहिजे. सगळ्यांनी गोड सांगितलं आणि ती रोज जास्तच थकत गेली. तशी थकलेली बाई मी पाहिली नाही. झोपून उठली तरी थकलेली. म्हणायची, सारा जन्म दुसऱ्यासारखी दिसण्याची मजुरी केली, अन् आता सांगतात की गरज नव्हती.

आठवड्याने मी गोठ्यात बैलाला चारा टाकत होतो, तिथे आली. "तू सांगतलं नाई. हो का नाई?"

मी खाली बसलो. खोटं बोलायचं बळही नव्हतं. म्हटलं, "हो. लय गेलं. अन् ते म्या घालवलं. तुहे हात म्याच धरले होते."

ती नेहमीसारखी माझ्याकडे नाही, बैलाच्या शिंगाकडे पाहत होती. "सारंच गेलं?"

"सारं नाई."

"बरं," म्हणाली. मग म्हणाली, "बाकी सारे खोटं बोलून राह्यले होते." आणि भाजी काय करू विचारलं. त्या रात्री दोन भाकरी खाल्ल्या.

ती सुखी झाली असं मी लिहिणार नाही. गेलेलं काही परत आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने पेटीतली सगळी पोलकी उलटी करून ठेवली, आणि मग बाजारालाही तशीच जायची. लोक हसले तर मी त्यांच्याकडे पाहायचो. अशी दोन वर्षं मिळाली तिला. एवढ्या मोठ्या जन्मात दोन. माझी कोणी समजूत घालू नये.

ती गेली तेव्हा वेगळ्या राज्यासाठी बंद चालू होता, बसगाड्या नव्हत्या. शोभा तिसऱ्या दिवशी पोचली. तेरवीला घर भरलं. भांड्यांचा आवाज, माणसांचा आवाज, आणि चिन्नी अंगणात दोन्ही हात कानांवर ठेवून उभी. वहिनी जवळ गेली, तिचे हात धरून खाली ओढत म्हणाली, पोरी, असं नाई करत, लोक पाहून राह्यले. मायेनेच म्हणाली. पण मी जेवणाऱ्यांच्या मधून पळत गेलो, या वयात. म्हटलं, "वहिनी, हात सोडा तिचे." आणि पोरीला कापसाच्या खोलीत नेलं. गिरजा टेकायची तिथे ढिगात खळगा पडलेला आहे. चिन्नी न शोधता त्यात जाऊन बसली. मी दार लोटलं आणि बाहेर उंबऱ्याशी बसून राहिलो, पंगती उठेपर्यंत.

आता होळी जवळ आली. व्यापाऱ्याचा माणूस दोनदा येऊन गेला, भाव बरा आहे, पुढे भरवसा नाही, खोली कधी रिकामी करता. काल तिसऱ्यांदा आला. मी त्याला सांगितलं, यंदा रिकामी होणार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आत बसायला माणूस येणार आहे.