दिशा न मानणारं घर

आमच्या घरात दिशा मानत नाहीत.

म्हणजे पूर्व-पश्चिम असतात, सूर्य रोज एकाच बाजूनं वर येतो, एवढं आम्हाला मान्य आहे. (मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो, एवढं तरी मान्य करावंच लागतं.) पण दार अमुक बाजूला केलं की बरकत आणि तमुक बाजूला केलं की आजारपण, असलं कुणी बोललं की माझं डोकं फिरतं आणि मी बोलायला लागतो. मी बोलायला लागलो की माणसं आपापल्या चपला शोधायला लागतात.

तर गोष्ट मायच्या घराची. माय नांदूरघाटला पत्र्याच्या घरात राहायची. उमेदीची सगळी वर्षं तिनं ऊसतोडीत काढली, दर साली दुसऱ्याच्या रानात उसाच्या पाचटाची झोपडी, म्हणजे कोपी, घालून. त्या कोयत्याच्या कमाईतनंच गावाबाहेरचा रानाचा तुकडा घेतलेला. दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर तिच्या मनानं घेतलं, आता रानातच राहायचं. मी म्हणालो, बांधू की घर. तिनं दोन अटी घातल्या.

"डोक्यावर पत्रा नगं," माय म्हणाली, "अन् पायाखाली दुसऱ्याची जमीन नगं. बाकी तुला काय करायचं ते कर."

आमची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते, भिंती वर्षात तडकतात. शिवाय गवंडी येतो म्हणतो आणि येत नाही. म्हणून मी मोबाइलवर बघून बघून उघडणारं कंटेनर घर शोधून काढलं. ट्रकवर बंद पेटी येते, एक बाजू बाहेर पसरते, तिच्या खाली लोखंडी पाय टेकवले की दिवसात घर उभं. मायनं फोटो बघितला आणि म्हणाली, "हे तर पत्र्याचं खोकं हाय."

झालं! तिथून मी पेटलो. खोकं नाही, आत काय भरलंय त्यावर सगळं असतं, हे मायला पटवून द्यायचंच, असं ठरवलं आणि पुण्यात ही घरं विकणाऱ्या दुकानदाराकडून भिंतीचे, जमिनीचे, बिजागऱ्यांचे, रबराचे नमुने मागवले. बायको शोभा म्हणाली, मुलगी बघायला जाताना सुद्धा तुम्ही एवढं बघितलं नव्हतं. (हे खरं आहे. तेव्हा मी फक्त पोहे बघितले होते.)

अंगणात प्रयोगशाळा मांडली. जमिनीच्या फळ्या टपात भिजत घातल्या. प्लायवूडची फळी फुगून टम्म झाली, सिमेंटच्या फळीला काहीच झालं नाही. बिजागऱ्या न गंजणाऱ्या स्टीलच्या आहेत का, ते शाळेतलं लोहचुंबक लावून बघितलं. सांध्याचं रबर मायनं स्वतः ताणून बघितलं आणि सांगितलं की ही कुकरची रिंग चांगली हाय, शिट्ट्या नीट होतील. उन्हाची परीक्षाही तिनंच काढली. विटांवर एक साधा पत्रा, एक थर्माकोलची भिंत, एक रॉकवूलची भिंत आडवी ठेवली आणि प्रत्येकीखाली गुळाचा खडा. बीडचं उन्हाळ्यातलं ऊन, दुसरं काही लागतच नाही. दुपारपर्यंत पत्र्याखालचा गूळ पाघळून विटेला चिकटला. बाकी दोन्ही खडे शाबूत. मग मी काडी लावली. थर्माकोल असा भडकला की शोभानं भिजत घातलेली फळी टपासकट त्याच्यावर उपडी केली. रॉकवूल नुसतं काळवंडलं.

"कशाची म्हणलास ही?" मायनं विचारलं.

"दगडाची लोकर."

"दगडाला लोकर असती व्हय?" माय म्हणाली. पण गूळ तोंडात टाकून तिनं मान हलवली. पहिली अट पास!

मग काय, माझी छाती अशी फुगली की प्लायवूड लाजलं असतं. रानात बांधाच्या कडेला सिमेंटचा ओटा घालून घेतला. बांधापलीकडे पश्चिमेला भास्करआबांचं रान. आबांचं आणि दादांचं ह्या बांधावरून कैक वर्षं बोलणं नव्हतं. दादांच्या शेवटच्या आजारपणात आबा आपणहून भेटायला आले आणि तेव्हापासून पुन्हा चहापाणी सुरू झालेलं. ओटा बघायला आले तेव्हा आबांनी विचारलं, "मास्तर, घराचं तोंड कुणीकडं?"

मी त्यांना अर्धा तास दिला. तोंड कुणीकडंही असो, माणसाचं डोकं ठिकाणावर पाहिजे, वगैरे. आबा तंबाखू मळत राहिले.

पुण्याहूनही फोन आला. दुकानदाराचा माणूस म्हणाला, "सर, दिशा कोणती ठेवायची?" आता मला सांगा, शिकलेली माणसं, कारखान्यात घरं बनवतात आणि त्यांनाही दिशा! मी त्याला बाबासाहेबांपासून सुरुवात केली. आम्ही बौद्ध आहोत, आम्ही वास्तू मानत नाही, मुहूर्त मानत नाही, तुम्हाला जी दिशा सापडेल ती लावा. पलीकडून बराच वेळ नुसतं "हो सर, हो सर" येत होतं. पुढच्या आठवड्यात त्यानं पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा बाबासाहेबांपासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही, आणि प्रबोधनाचा परिणाम होतो हे मी शोभाला अभिमानानं सांगितलं.

घर आलं ते बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी भन्तेजी येणार, वंदना होणार, पाहुण्यांना खीर, आणि माय त्याच दिवसापासून तिथं राहणार, असा बेत. क्रेननं पेटी उचलली, ओट्याच्या कडेला ठेवली आणि तिला केजला दुसरं काम होतं म्हणून निघून गेली. फिटर पसरायची बाजू उघडायला लागला. बघायला अर्धं गाव जमलेलं. एवढी माणसं समोर आणि मी गप्प? शक्यच नाही. घराकडे पाठ करून मी दगडाच्या लोकरीवर बोलायला लागलो.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की लोकांचे चेहरे बदलताहेत. मला वाटलं, विषय पोचतोय. मग शोभाचा आवाज आला, "अहो, मागं बघा."

मागे बघितलं. घर पसरलं होतं. सुंदर, सरळ, एकही सांधा वाकडा नाही. फक्त ते ओट्यावर पसरायच्या ऐवजी उलटं पसरलं होतं, बांध ओलांडून, आबांच्या रानात! तिकडं बांधालगतच दार, तिकडंच मायची खोली. खोलीचे चारही लोखंडी पाय आबांच्या नांगरलेल्या ढेकळांत रोवलेले. ओटा मात्र मोकळाच, त्यावर एक कुत्रं येऊन बसलं होतं.

मी फिटरवर ओरडलो, अरे, दिशा विचारायची न्हाई का! तो बिचारा हात झाडून म्हणाला, "सर, ऑफिसनं बजावलंय, ह्यांना दिशेचं काही विचारू नका, लई चिडतात."

माय हळूहळू चालत बांधापर्यंत आली. दारात पाय टाकायला गेली आणि थांबली. खाली बघितलं. आणि पाय मागे घेतला.

"दुसऱ्याच्या रानात लई राहिले मी," माय म्हणाली. "आता न्हाई."

भिंतीतली लोकर, सिमेंटची फळी, कुकरची रिंग, सगळ्यावर पाणी पडलं. एवढा माल पारखला आणि जमीनच चुकली. खरं सांगतो, मला रडू यायला लागलं. त्यात आबा आले. पाय कुठं टेकलेत ते त्यांनी नीट वाकून बघितलं. मला वाटलं, संपलं, दादांच्या वेळचं भांडण आता माझ्या पदरात.

"वैनी," आबा मायला म्हणाले, "राह्यलं तर राहू द्या, मला काय अडचण न्हाई. रोजचा च्या तेवढा द्या मला."

माय म्हणाली, "च्या देते. पर माझ्या जमिनीवरून."

आबा हसले. पलीकडच्या रानात शेततळं खोदायला जेसीबी आला होता, तो त्यांनी बोलावून घेतला. फिटरनं पसरलेलं घर पुन्हा मिटलं. खाली लोखंडी पाइप सरकवले, एका टोकाला जेसीबी, दुसऱ्या टोकाला आबांचा ट्रॅक्टर, आणि घर जात्यासारखं जागच्या जागी फिरायला लागलं. जेसीबीवाल्यानं मध्येच मुंडकं बाहेर काढून विचारलं, "तोंड कोणत्या दिशेला करू?"

सगळं गाव माझ्याकडं वळलं. मी तोंड उघडलं.

"त्याला नगं इचारू," माय म्हणाली. "माझ्याकडं बघ, मी सांगते."

दिवस मावळायच्या आत घर ओट्यावर पसरलं. दुसऱ्या दिवशी वंदना झाली, आबा पहिल्या रांगेत खिरीची वाटी घेऊन बसले. भर दुपारी मायनं नव्या घरात जमिनीच्या मधोमध गुळाचा खडा ठेवला आणि त्याच्याशेजारी पदर टाकून झोपली. उठली तेव्हा गूळ टणक होता. तो तिनं मला दिला आणि म्हणाली, "चांगलं हाय घर. माझं हाय."

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण फिरवल्यावर घराचं दार आलं नेमकं पूर्वेला! आणि गावात बातमी काय पसरली? की एवढे दिवस दिशा मानू नका म्हणून सांगत फिरणाऱ्या मास्तरानं स्वतःचं घर जेसीबी लावून पूर्वेला फिरवून घेतलं.

आता दर रविवारी कुणी ना कुणी रानात येतं आणि नव्या घराचं दार कुणीकडं करावं ते मला विचारतं. मी बाबासाहेबांपासून सुरुवात करतो. ते सगळं ऐकून घेतात, मान हलवतात, आणि जाताना मायला हळूच विचारतात, सरांनी कुणाकडून बघून घेतलं?

माय चुलीपुढून मान वर न करता सांगते, "जेसीबीवाल्याकडून."