भुईगावचं उखळ, आचोळ्याची पिंपं

विमान मुंबईवर घिरट्या घालत होतं तेव्हा ईफा खिडकीला नाक लावून बसली होती. "तुझं घर दिसतंय का यातलं?" तिने विचारलं. मी हसले. माझं घर उदगीरला, इथून रात्रभराच्या अंतरावर. वसई मी तिच्याइतकीच पहिल्यांदा बघणार होते.

आम्ही दोघी आयर्लंडच्या एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकतो; ईफा तिथलीच, मी इथून गेलेली. तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला काही आठवडे परदेशात जाऊन प्रत्यक्ष काम करावं लागतं. वर्गातल्या कुणाला केनिया मिळालं, कुणाला व्हिएतनाम. ईफाच्या आणि माझ्या नावापुढे लिहून आलं, वसई-विरार. विद्यापीठाच्या हिशेबी महाराष्ट्र मलाही परदेशच. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग व्हिसा लागतो का गं तुला?"

गणपती नुकतेच गेले होते. महामार्ग सोडून गाडी पूल ओलांडून माणिकपूरला आली तेव्हा दुकानांच्या पाट्या, रिक्षांच्या रांगा आणि त्यांच्यामागे चर्चचा पांढरा मनोरा, सगळं एकदमच समोर आलं. ईफा म्हणाली, "हे तू सांगितलंच नव्हतंस." मला तरी कुठे ठाऊक होतं! पुढे रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूंनी केळी आणि माड अंगावर आले आणि आम्ही भुईगावला पोहोचलो.

आमची सोय रजनी राऊत यांच्याकडे केली होती. नवरा-बायको दोघंच घरात, मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. मागे केळीची आणि मोगऱ्याची वाडी. काकी कमरेला पदर खोचूनच बाहेर आल्या. "आलात? अटे बसा (इथे बसा), पाय लांब करा आधी." नवऱ्याशी बोलताना त्या त्यांच्या घरच्या बोलीत शिरत आणि मी ईफाइतकीच कोरी होऊन बसे. ईफाला याची फार मजा वाटायची. "तू तर इथली ना?" ती डोळे मिचकावून विचारायची.

संध्याकाळी सुकेळी (उन्हात वाळवलेली राजेळी केळी) खायला मिळाली. ईफाने एक संपवून दुसरं हातात घेतलं, तेव्हा काकींनी बशी तिच्याकडे सरकवली ती शेवटपर्यंत तिच्याकडेच राहिली. दाराशी एक जुनं दगडी उखळ होतं. त्यात काकी रोज सकाळी पक्ष्यांसाठी तांब्याभर पाणी ओतत. दयाळ यायचा, बुलबुल यायचे. ईफा दात घासत तिथेच उभी राहून त्यांना बघत बसे.

आमचं काम होतं नालासोपाऱ्याच्या आचोळ्यात. आधी बस, मग रिक्षा. तिथल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी आमच्या हातात एकेक विजेरी दिली आणि म्हणाल्या, "चाळींमध्ये जा, पाण्याची पिंपं बघा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अळ्या दिसल्या की पाणी ओतायला सांगा, पिंप घासायला सांगा."

सांगायला काय, सोपं होतं. एका चाळीत वंदना नावाच्या बाईच्या दारातल्या निळ्या पिंपात विजेरी मारली आणि अळ्या वळवळताना दिसल्या. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. वंदनाने पोळ्या लाटता लाटता ऐकून घेतलं आणि लाटणं खाली ठेवलं.

"ओ मॅडम, ओतून टाका बोलता. उद्या नळ नाही आला तर टँकर तुम्ही बोलावणार? पोरांना प्यायला काय देऊ मी, कोल्ड्रिंक?"

शेजारच्या दारातल्या बाया हसल्या. ईफाने माझा हात ओढून काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. "बरोबर बोलतेय की ती," ईफा म्हणाली. मी ते वंदनाला सांगितलं नाही. आम्ही तिच्याकडची गाळणी घेऊन अळ्या काढल्या, पण असं रोज कोण करणार? आठवडाभर आम्हाला दारोदार हेच उत्तर मिळत होतं. कुणी हसून देई, कुणी चिडून. रिक्षात बसल्यावर आमच्यात वाद व्हायचे. मला वाटे, दिलेलं काम करावं. ईफाला वाटे, जे कुणी ऐकणारच नाही ते सांगत फिरण्यात अर्थ नाही.

रविवारी ती शेजारच्या फिलोमिनाबाईंबरोबर चर्चमध्ये मिस्साला गेली. प्रार्थना मराठीत, तरी कधी उठायचं आणि कधी गुडघे टेकायचे ते तिला बरोबर कळत होतं म्हणे. मोठ्या खुशीत परत आली. मग दुपारी आम्ही समुद्रावर गेलो. सुरूच्या बनातून चालताना ती एकाएकी खाली बसली. "डोळ्यांच्या मागे दुखतंय," म्हणाली. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

दुसऱ्या दिवशी माणिकपूरच्या एका रुग्णालयात रक्त तपासलं. डेंग्यू. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं.

मी पुस्तकात डेंग्यू भरपूर वाचला होता. पण ज्या मुलीबरोबर तुम्ही एका ताटात सुकेळी खाता, ती हाडं मोडल्यासारखी कण्हत पडलेली असते तेव्हा पुस्तकातलं काही आठवत नाही. ईफाचं एकच म्हणणं, "आईला सांगू नकोस. ती विद्यापीठाला फोन करेल आणि मला परत बोलावून घेतील." मी हो म्हणून बसले होते. रजनीकाकी डब्यात तांदळाची पेज घेऊन आल्या, त्यांना मी हे सांगितलं. त्यांनी डबा उघडता उघडता माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या आईला नसतं कळवलं तर चाललं असतं तुला?"

 तरीही मी फोन केला नाही. ईफाला शब्द दिला होता.

त्या संध्याकाळी भुईगावला कपडे न्यायला गेले तेव्हा सवयीने विजेरी खिशातच होती. दाराशी चप्पल काढताना उखळात प्रकाश टाकला. पाणी नितळ होतं. तळाशी अळ्या होत्या, भरपूर. काकी वरून रोज ताजं पाणी घालत, पण उखळ जड, ते उपडं कधी कुणी केलं नव्हतं.

काकी मागे उभ्या होत्या. "काय आहे?" त्यांनी विचारलं. मी बाजूला झाले. त्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे, ती माझ्या घरी आजारी पडली?"

"तसं सांगता येत नाही, काकी. आम्ही रोज आचोळ्यात फिरतोय. कुठला डास चावला हे कुणीच सांगू शकत नाही."

ते खरंच होतं. काकींनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. काकांना हाक मारून दोघांनी मिळून उखळ आडवं केलं. पाणी मातीत जिरेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.

दोन दिवसांनी ताप उतरला. ईफा उठून बसली, केस विंचरले. मला हायसं वाटलं, पण डॉक्टर म्हणाले, "आनंद करायची घाई नको. ताप गेल्यानंतरचे दोन दिवसच नाजूक असतात." दुपारपर्यंत तिचं पोट दुखायला लागलं, हात गार पडले. प्लेटलेट्स बऱ्याच खाली आल्या. सलाइनचा वेग वाढवला, नर्स सारखी येऊन रक्तदाब बघू लागली. फिलोमिनाबाईंनी पपईच्या पानांचा रस पाठवला होता, तो डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं.

आता मात्र मी ईफाला म्हटलं, "मी शब्द मोडतेय." तिने डोळे मिटले. नाही म्हणाली नाही.

फोनवर तिची आई, नोरा, स्वयंपाकघरात उभी दिसली. मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. मिळेल त्या विमानाने निघते म्हणाली. मग विचारलं, "तिच्याजवळ कोण असतं?" मी फोन काकींकडे फिरवला.

काकींनी पदर सारखा केला. "सांग तिला, मी रजनी. पोर आमच्याकडे राहते. मी सकाळपासून अटेच आहे, हलणार नाही." मी भाषांतर केलं. "आणि हे पण सांग, माझ्या दारातल्या उखळात डेंग्यूच्या अळ्या निघाल्या. माझ्याकडूनच चूक झाली असेल."

मी थांबले. "काकी, हे आत्ता कशाला? तसं सिद्ध नाही."

"तू सांग."

"त्या घाबरतील."

"कल्याणी, तिचं लेकरू आहे. जे आहे ते सांग."

मी सांगितलं, शब्द न् शब्द.  नोरा म्हणाली, "त्यांच्या घरात आणखी कुणाला ताप आहे का? त्यांना म्हणावं, स्वतःला जपा." काकींना हे कळवलं तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या.

तो दिवस आणि त्यानंतरचा दिवस तसाच गेला. ईफा घोट घोट पाणी पीत होती आणि काकी पेला तिच्या तोंडाशी धरत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि मी मध्ये बोलायची गरजही पडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्ताचा अहवाल सुधारला. डॉक्टर म्हणाले, "आता आनंद करा." व्हिसा येऊन नोराचं तिकीट निघालं होतं. ईफाने स्वतः फोन करून तिला थांबवलं.

घरी आल्यावर थकवा पुष्कळ दिवस टिकला, पण कामाचे शेवटचे काही दिवस ती हट्टाने आचोळ्याला आली. वंदनाने तिला ओळखलं. "हिलाच झाला ना डेंग्यू? किती सुकली!" तिने स्टूल पुढे केलं. यावेळी आम्ही पाणी ओतायला सांगितलं नाही. जुन्या साडीचा घट्ट विणीचा तुकडा पिंपाच्या तोंडावर ताणून दोरीने बांधायचा, आणि नळ आला की भरण्याआधी पिंप आतून घासायचं, एवढंच. डॉक्टर मॅडमना आधी विचारून घेतलं होतं. वंदनाने दोरी दोनदा सोडून बांधून पाहिली. "हे जमेल," म्हणाली. "पण पोरं कापड ओढतात. बघू." सगळ्यांना नाही जमलं. काही दारांत आठवड्याने कापड लोंबकळत होतं. वंदनाच्या पिंपात मात्र अळ्या नव्हत्या.

निघताना काकींनी ईफाच्या बॅगेत सुकेळ्यांची पुडकी भरली आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. 

डब्लिनच्या विमानतळावर नोरा उभी होती. ईफाला तिने बराच वेळ सोडलं नाही. मग माझ्याकडे वळली. "त्या दिवशी तू सगळं भाषांतर केलंस ना? काही गाळलं नाहीस?"

"एक वाक्य गाळणार होते," मी म्हणाले. "अळ्यांचं. त्यांनी गाळू दिलं नाही."

नोराने मान डोलावली. "त्या वाक्यामुळेच मी त्या दिवसांत तग धरला. ज्या बाईने मला हे सांगितलं, ती माझ्यापासून आणखी काही लपवणार नाही, हे मला कळलं होतं."

लोकांना धोक्याची बातमी कशी द्यावी यावर आम्हाला एक अख्खा विषय आहे. त्यात मला बरे गुण मिळाले होते. नोराच्या गाडीत मागच्या सीटवर बसून मी बाहेरचा पाऊस बघत राहिले. पुढे त्या मायलेकी रजनी या नावाचा उच्चार एकमेकींना शिकवत होत्या.