उत्तरेकडच्या अक्षता

आज श्रावणी शुक्रवार. पुरणाच्या दिव्यांचा तुपकट वास देवघरात दरवळला आणि कारगिलच्या वर्षीची जिवतीची पूजा आठवली.

शत्रूने बळकावलेली शिखरे परत मिळाल्याचे बातम्यांत सांगून झाले होते. पण तिथे लढणाऱ्या दत्ताची खुशाली कळत नव्हती. त्याची आई पारूबाई गंगापूर रोडवर आमच्याकडे पूजेची फुले आणी. आम्ही दोघी रोज एसटीडी बूथवर जात असू आणि लाइन लागत नाही म्हणून परतत असू. मी तिला स्तोत्रे ऐकवी, धीर धरायला सांगे. माझेच शब्द मला पोकळ वाटू लागले होते.

लेकरू जवळ नसेल तर आईने चारही दिशांना अक्षता टाकून औक्षण करावे, हा प्रघात. त्या शुक्रवारी पारूबाईने सगळी मूठ उत्तरेला भिरकावली.

"अहो, चारी दिशांना टाकायच्या," मी म्हणाले.

"बाकी तीन दिशांना माझं कोन हाय, काकू?" ती कडाडली.

माझा मुलगा दक्षिणेस, बंगळूरला होता. तरी मीही माझी मूठ उत्तरेलाच उधळली.

"आन् तुमच्या पोरानं काय घोडं मारलंय?" असे म्हणत तिने जमिनीवरचे दाणे वेचून दक्षिणेकडे टाकले.

दत्ता दिवाळीत सुखरूप परतला. आता फोन लगेच लागतो. पण तो काय नि माझा मुलगा काय, उचलायला कुणालाच सवड नसते.

"टाका काकू, चारीकडं टाका," आज पारूबाई फणकारली. "कुठं उंडारतेत, कोनाला ठाव!"