टाकीचं झाकण आणि आमची आई

रविवारी सकाळी गोडादऱ्यात, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मी पप्पांच्या मोटारसायकलसमोर जवळजवळ रडायला बसले होते. आज हे लिहितानाही हाताला पेट्रोलचा वास येतोय... पण आता त्याचा आनंदच वाटतोय!

पप्पांची ही जुनी टू-स्ट्रोक गाडी. भेस्तानच्या मिलमध्ये ते वीसेक वर्षं हिच्यावरूनच ड्युटीला गेले. पप्पा वारल्यापासून गाडी जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी होती.

मागच्या महिन्यात सोसायटीची नोटीस आली. पार्किंगमध्ये नवीन ब्लॉक बसवायचेत, तर बंद पडलेल्या गाड्या सोमवारच्या आत हलवा. आईने भंगारवाल्याला रविवारी संध्याकाळी यायला सांगूनही टाकलं. मी म्हटलं, चालू झाली तर ठेवशील ना? ती म्हणाली, बघ बाई करून.

झालं... शाळेत शिकवून आले की रोज दोन तास पार्किंगमध्ये. व्हिडिओ बघून बघून शिकले. टाकीत बारीक खडी आणि पाणी घालून इतकी हलवली की दंड भरून आले, पण आतला गंज निघाला. कार्बोरेटर खोलला, त्याची बारीक भोकं तांब्याच्या तारेने साफ केली. नवीन प्लग, नवीन कंडेन्सर, पेट्रोलची नवीन नळी.

आणि गुरुवारी, कितव्या किकला कोण जाणे... ती बोलली! पांढऱ्या धुराचा लोट आणि तो फटफट आवाज. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू धावत गॅलरीत आल्या. मी तर नाचलेच.

हेल्मेट घालून गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळून मेन रोडला लागले आणि... बंद.

ढकलत परत आणली. दहा मिनिटांनी किक मारली तर चालू! पुन्हा निघाले, पुन्हा तिथेच बंद. शुक्रवारी तेच, शनिवारी तेच. थांबलं की चालू होणार, थोडं पळलं की मरणार.

प्लग बदलून पाहिला. कॉइल बदलली. शेवटी शनिवारी एका जुन्या गुजराती मेकॅनिकला घरी बोलावलं. त्यांनी कान लावून आवाज ऐकला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बेन, एन्जिन खोलवुं पडशे." इंजिन खोलायचं म्हणजे किमान आठवडा. आणि माझ्याकडे उरला होता एक दिवस.

रविवारी सकाळी शेवटचा प्रयत्न म्हणून पुन्हा काढली. या वेळी तर गेटच्या बाहेर पडताच थांबली. आत आणून स्टँडवर लावली आणि पायरीवर बसले. डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू.

आई चहा घेऊन खाली आली. इतके दिवस ती या खटाटोपाकडे फिरकलीच नव्हती. मला वाटायचं तिला ही गाडी नकोच आहे... किंवा बघवत नाही.

कप माझ्या हातात देऊन ती गाडीकडे बघत राहिली. मग अगदी सहज, भाजीत मीठ घाल म्हणावं तशी म्हणाली, "ते झाकन उघाड ना. तुना पप्पा तसंच करेत."

पप्पा वाटेत गाडी बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघडायचे म्हणे, पुन्हा लावायचे आणि मग किक मारायचे. तिला वाटायचं, पेट्रोल किती उरलंय ते बघतात.

मी उठले. झाकण फिरवलं... आणि फुस्स करून हवा आत गेली.

मी झाकण उलटं करून पाहिलं. टाकीच्या झाकणाला एक सुईएवढं भोक असतं. पेट्रोल खाली उतरलं की तेवढी हवा तिथून आत यायला हवी. ते भोक बुजलेलं असलं तर थोड्या वेळाने पेट्रोल उतरायचंच थांबतं. आणि मी, मित्रांनो, मी आठवीच्या वर्गाला हवेचा दाब शिकवते! पाणी भरलेल्या नळीचं वरचं तोंड बोटाने बंद करून पाणी अडवून दाखवते दर वर्षी!

आई वर जाऊन शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन आली. भोकातून काळी, घट्ट झालेली घाण निघाली. कित्येक वर्षांची असावी. पप्पांनी ते कधी साफ केलंच नाही, नुसतं झाकण उघडत राहिले... एकदम पप्पांसारखंच.

मी पाय उचलणार, तेवढ्यात आई म्हणाली, "मी मारी देखू का किक?"

इतकी वर्षं ती या गाडीवर मागे एका बाजूला बसली. खानदेशातल्या लग्नांना गेली, मला मांडीवर घेऊन दवाखान्यात गेली. पण किक मारून बघ असं तिला कधी कुणी म्हटलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

तिने पदर खोचला, चप्पल काढून माझे बूट घातले. पहिली किक फुकट. दुसरी फुकट. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली, आणि आई असं हसली की मी तिचं तसं हसणं पहिल्यांदाच पाहिलं.

मग आम्ही दोघी चलथाणच्या साखर कारखान्यापर्यंत जाऊन आलो. उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागून, धूर सोडत. गाडी एकदाही थांबली नाही. संध्याकाळी भंगारवाला आला, तर आईने त्याला रद्दी आणि मोडका टेबलफॅन देऊन वाटेला लावलं.

तीन आठवडे मी जगभरच्या अनोळखी माणसांना विचारत होते. या गाडीवर वीस वर्षं बसलेलं माणूस दोन जिने वर भाजी निवडत होतं... तिला एकदाही विचारलं नाही. थँक यू, आई. आणि सॉरी पण.